बिरजाची टेकडी

खैरडोहच्या फाट्यावर उतरलात की डाव्या हाताला ही काळसर टेकडी लागते. हिच्यावर गवत धरत नाही. ऐन थंडीत माती कोमट असते, म्हणून गावची कुत्री इथं येऊन निजतात. माथ्यावर मनगट जाईल एवढं एक भोक आहे. गावची लेक सासरहून आली की आधी घरी जात नाही. पिशव्या खाली ठेवते, भोकाशी वाकून आत काही बोलते आणि मग गावात शिरते. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

फार पूर्वी इथं दगडी कोळशाची खाण होती. तिच्यात आडकू नावाचा खाणकरी राबायचा. बायको बाळंतपणात गेलेली, मागे एकच मुलगी, बिरजा. लोकांनी दुसऱ्या लग्नाचं काढलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. खाणीतून वर आला की नदीवर जाऊन हात घासघासून धुवायचा, मगच पोरीच्या डोक्याला तेल लावायचा. पुढं बिरजा त्याची भाकर घेऊन खाणीवर येऊ लागली. पण तिनं खाणीच्या तोंडाशी पाऊल टाकायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद. तोच वर येऊन बाभळीखाली जेवायचा. "खालचा अंधार माह्या एकट्याले पुरे," म्हणायचा.

एका उन्हाळ्यात खालच्या कोळशानं पेट घेतला. माणसं धडपडत वर आली, त्यांत आडकूही होता. पण शेजारच्या खाणीत अर्ध्या गावचे नवरे, भाऊ, लेक अजून खालीच होते. दोन्ही खाणी एका भुयारानं जोडलेल्या होत्या आणि त्या भुयाराला अलीकडून लागणारं जाड सागवानी दार होतं. ते लावलं नाही तर धूर पलीकडे जाऊन सगळे गुदमरणार होते.

"दार लावाले कोन जाते?" मुकादम रघोबानं विचारलं. कुणी हललं नाही.

तेव्हा, म्हणे, मुकादमानं आडकूला बाजूला घेतलं. "आडकू, तुही बिरजा तुले पाहाले खाली गेली ना रे! भुयाराकडे पळताना म्या पाह्यली. पयले ते दार लाव. धूर बसला का दिसल तुले पोरगी."

बिरजा त्या वेळी नदीवर धुणं धूत होती.

आडकूनं ओलं फडकं तोंडाला बांधलं आणि आत उतरला. थोड्या वेळानं दार लागल्याचा धप्प आवाज वर आला. पलीकडच्या खाणीतला एकेक माणूस खोकत, रडत, पण जिवंत बाहेर पडला. आडकू मात्र आला नाही. तो कसा येणार? तो शोधत होता.

आग वर सरकू लागली तसं मुकादमानं तोंड बुजवायला सांगितलं. मातीच्या टोपल्या पडू लागल्या. गलबला ऐकून बिरजा ओल्या लुगड्यानं धावत आली, तेव्हा खालून हाक येत होती.

"बिरजा! कुठी आहेस वो?"

"बा, मी वरतं आहो!" ती किंचाळली. "बा, वर ये!"

आगीच्या घरघरीत तिचा आवाज खाली पोचला नाही. ती तोंडाकडे झेपावली, तर बायांनी तिला धरलं. ज्यांचे नवरे नुकतेच वर आले होते, त्याच बायांनी. खालची हाक चालूच होती आणि तिच्यावर माती पडत होती.

"मी खाली आहो म्हून कोनं सांगतलं त्याले?" तिनं विचारलं.

मुकादमानं नजरसुद्धा खाली घातली नाही. "म्या सांगतलं. तुह्या एका बापात अर्धं गाव वाचलं."

सगळ्यांनी ते ऐकलं. टोपल्या थांबल्या नाहीत. सांज होईपर्यंत मातीखालून तिच्या नावाची हाक येत राहिली, मग बंद झाली.

मुकादमाला काही झालं नाही. मानानं जगला, म्हातारा होऊन गेला. गावानं बिरजाच्या दारात ज्वारी आणून ठेवली, लुगडी ठेवली. तिनं बोट लावलं नाही. माती वाळल्यावर तिनं बापाची लोखंडी सब्बल घेतली आणि टेकडीला हे भोक पाडलं. तोंड लावून म्हणाली, "बा, मी वरतं आहो." आतून फक्त गरम वाफ आली. जन्मभर ती रोज येऊन हेच सांगत राहिली. लग्न केलं नाही.

मरणाच्या वेळी तिनं गावातल्या बायांना बोलावून घेतलं. "तुमचं कुंकू माह्या बापानं राखलं," ती म्हणाली. "आता तुमच्या पोरींनी त्याले सांगावं. आपलं नाव नोका सांगू. माहं सांगा."

बायांनी तिच्या उशाशी हात ठेवून शब्द दिला.

आजही खैरडोहची लेक, कुणाच्याही घरची असो, मुकादमाच्या घरची का असेना, इथं वाकते आणि म्हणते, "बा, मी बिरजा. मी वरतं आहो." गावची म्हातारी माणसं सांगतात, खाली आडकू ते ऐकतो. क्षणभर थांबतो. आवाज आपल्या पोरीचा नाही हे त्याला कळतं, आणि तो पुन्हा शोधायला लागतो.