अडीचशे कुलपं आणि एक किल्ली

फार पूर्वी, जेव्हा जगात माणसं कमी आणि गुपितं जास्त होती, तेव्हा डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक कुलूपवाला राहत होता. नाव नागोजी. त्याचा हात असा, की त्याचं कुलूप लागलं की वारासुद्धा बाहेर थांबून आत कोण आहे विचारायचा. एका शेतकऱ्याची किल्ली म्हणे विहिरीत पडली. त्यानं कुलूप फोडलं नाही, विहीर उपसली. ते सोपं होतं.

एक कुलूप करायला नागोजी चार दिवस घ्यायचा. कुलपाच्या पोटात पाच खिट्या, प्रत्येक खिटीची उंची वेगळी. किल्लीचे पाच दात त्या पाच उंचींना तंतोतंत जुळले तरच कडी सुटणार. त्या कुलपाला जगात तीच एक किल्ली. आणि इथंच नागोजीचं घोडं अडलं होतं. आजोबानं घेतलेलं कुलूप नातवालाही पुरायचं. मग गाव पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढणार कशाला? लोक कुलूप रोज लावायचे, पण ते कुणी केलं हे विसरून गेले होते.

त्याच सुमारास अकरा गावांनी मिळून या गावात धान्याचं मोठं कोठार बांधलं. होळीनंतर गहू-हरभरा येऊन पडणार, त्याआधी दाराला कुलूप हवं. कुलूप कुणाचं घ्यायचं, ते पंच ठरवणार होते. ज्याचं कुलूप त्या दाराला लागेल, त्याचं नाव अकरा गावांत होणार हे उघड होतं.

या कामावर परगावच्या एका कुलूपवाल्याचाही डोळा होता. गडी हुशार. चैत्रातल्या जत्रेत त्यानं दिसेल त्याच्या हातात ताडाच्या पानाचा पंखा फुकट दिला होता. पंख्यावर लाल रंगात त्याचं नाव. उन्हाळाभर गाव त्याच्या नावानं वारा घेत होतं. नागोजीचा सख्खा मेव्हणा जेवायला आला, तोही तोच पंखा हलवत.

"भावजी, उकडतंय हो फार," मेव्हणा म्हणाला.

"मला जास्त उकडतंय," नागोजी म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा. मार्गशीर्ष सरत आला, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "अगं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण काय देणार आहेस?"

"कुंकवाच्या डब्या. दरवर्षी देते त्याच."

"डब्या नकोत. कुलपं देऊ! बोटभर लांबीची, पितळेची, लखलखीत. आणि वर ठसठशीत माझं नाव. गावातल्या अडीचशे बायका येतात हळदीकुंकवाला. घरोघर नाव पोचेल, आणि पंखा काय, पावसाळ्यात कुजतो."

बायको सुपातले तीळ निवडत होती. तिचा हात थांबला. "वीस दिवसांत अडीचशे? तुम्हाला एकाला चार दिवस लागतात."

"साचा करतो. आत एकच खिटी. सगळ्यांना एकसारखी."

"म्हणजे एकीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागेल?"

"अगं, फुकटातलं कुलूप ते! त्याला कोण काय कोंडून ठेवतंय? खुंटीला टांगतील, लेकरं खेळतील. आपल्याला नाव घरात शिरल्याशी कारण."

"मग त्याच्यावर नाव नका घालू."

"नाव नाही घालायचं, तर वाटायचं कशाला?"

बायकोनं पुन्हा सूप हलवलं. तिळात एक खडा सापडला होता, तो तिनं अंगणात जोरात भिरकावला.

संक्रांत आली. गावातल्या साऱ्या बायका नटूनथटून हळदीकुंकवाला आल्या आणि वाण बघून हरखल्या. आता वाणाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आज आपल्याला मिळालेली फणी उद्या दुसरीला जाते, आणि चार घरं फिरून पाचव्या वर्षी आपल्याच ओटीत येऊन पडते. पण हे कुलूप एकीनंही पुढे सरकवलं नाही.

नागोजीला जे सुचलं नव्हतं, ते इथं होतं. त्या गावात घरातल्या किल्ल्या एक तर कर्त्या पुरुषाच्या करगोट्याला, नाही तर सासूच्या कमरेला. सुनेच्या वाट्याला कुलूप असं कधी आलंच नव्हतं. ते पहिल्यांदा आलं आणि बायकांनी ते खरोखर लावलं. कुणी गुळाच्या मडक्याला लावलं, कुणी डिंकाच्या लाडवांच्या डब्याला. एका म्हातारीनं तर बत्तिशीची आठवण म्हणून जपलेला शेवटचा दात कुलपात ठेवला. तेल्याच्या घरच्या धाकट्या सुनेनं एक लाकडी पेटी धुऊन-पुसून घेतली, तिच्यात काहीतरी ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

पंधरा दिवस नागोजीचे पाय जमिनीवर नव्हते. पाणवठ्यावर त्याचं नाव, पिठाच्या जात्याशी त्याचं नाव. पाटील स्वतः दुकानात आले. "नागोजी, कोठाराला तुमचंच कुलूप लावायचं म्हणतायत पंच. मोठं कुलूप कुठवर आलंय?"

"निम्मं झालंय पाटील. सात खिट्या घालतोय."

"घाला, घाला. परगावच्याला निरोप धाडून टाकतो, पंखे हलवत बस म्हणावं."

आणि मग तेल्याच्या घरातले लाडू कमी व्हायला लागले.

तेलीणबाईंनी पंचवीस लाडू कुलपात ठेवले होते. दुपारची झोप काढून त्या उठल्या, तर बावीस. दुसऱ्या दुपारी अठरा. कुलूप जिथल्या तिथं.

"मांजर मेलं!" तेलीणबाई कडाडल्या.

"अहो आत्याबाई, मांजर कुलूप कसं उघडेल?" धाकटी सून खाली बघत म्हणाली.

"मांजराची जात आहे बाई. काय सांगावं!"

मांजराला टोपलीखाली कोंडलं. तरी लाडू गेलेच. शेजारच्या घरी गूळ गेला, तिथंही मांजर धरलं. आठवड्याभरात गावातली सतरा मांजरं टोपल्यांखाली होती, आणि उंदीर भर रस्त्यानं सहकुटुंब फिरायला निघत होते.

खरं काय होतं ते थोरल्या सुनेला माहीत होतं. एका दुपारी तिनं सहज गंमत म्हणून आपली किल्ली सासूच्या कुलपात घातली, आणि कुलूप निमूट उघडलं. तिनं ते शेजारणीला सांगितलं, कुणाला सांगू नकोस असं बजावून. त्यामुळे तीन दिवसांत ते साऱ्या गावातल्या सुनांना कळलं. मग सासवांना कळलं. पुरुषांना अजून मांजरंच वाटत होती.

तेलीणबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "माझे लाडू खाता काय? आता बघते!" म्हणत त्यांनी धाकटीची पेटी अंगणात आणली आणि चार बायकांदेखत आपल्या किल्लीनं उघडली. आत लाडू निघाले नाहीत. निघाली एक जुनी, विरलेली चोळी.

"हे काय जपून ठेवलंयस गं?" कुणीतरी हसून विचारलं.

धाकटी पुढे झाली. "आईची आहे," ती म्हणाली. "धुतलेली नाही. वास आहे तिचा." तिची आई आदल्या पावसाळ्यातच गेली होती.

कुणी हसेना. तेलीणबाईंनी चोळी घडी करून परत ठेवली, आणि त्यांचा सगळा राग वळणाचं पाणी वळणावर जावं तसा नागोजीकडे वळला.

सांजेच्या आत चावडी गच्च भरली. पाटलांनी समोर आलेल्या किल्ल्यांमधली एक उचलली आणि कुलपांच्या ढिगाला लावत गेले. पहिलं उघडलं. दहावं उघडलं. चाळिसावं उघडलं, तेव्हा त्यांनी किल्ली खाली ठेवली.

"नागोजी, हे काय?"

नागोजी घाम पुसत उठला. "पाटील, ती वाणाची कुलपं. फुकटची. माझं विकतचं कुलूप असं नसतं, ते साऱ्यांना ठाऊक आहे..."

"फुकटचं आहे असं त्याच्यावर कुठं लिहिलंय?" तेलीणबाई पुढे झाल्या. "मला तर वाचता येत नाही. वाचणाऱ्यानं सांगावं. काय लिहिलंय?"

पाटलांनी कुलूप उजेडाकडे धरलं. "नागोजी," त्यांनी वाचलं.

चावडीत इतकी शांतता पसरली, की सतरा टोपल्यांखालची मांजरं ऐकू येऊ लागली.

पाटील माणूस समजूतदार होता. "हे बघा," ते म्हणाले, "तुमचा हात आम्हाला माहीत आहे. होळीला सोळा दिवस आहेत. मोठं कुलूप पुरं करून आणा. गावातली हरेक किल्ली त्याला लावून बघू. नाही उघडलं, तर कोठार तुमचंच. एवढी संधी देतो."

नागोजीच्या जिवात जीव आला. ते कुलूप कुणाच्या बापाला उघडणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सोळा दिवस पुरेसे होते, रात्रंदिवस ऐरणीशी बसलं तर.

बायकांनी जाताना कुलपं त्याच्या पायाशी टाकली. तो ती टोपलीत भरत होता. शेवटी उरली तेल्याची धाकटी सून. तिनं कुलूप टाकलं नव्हतं.

"दे बाळ," नागोजी म्हणाला.

"राहू द्या काका. लावते मी ते."

"अगं, ते कुणाच्याही किल्लीनं उघडतंय!"

"ठाऊक आहे. पण लावल्यासारखं तरी वाटतं," ती म्हणाली. आणि पेटी छातीशी धरून निघून गेली.

टोपली घेऊन नागोजी घरी आला. एका बाजूला मोठं कुलूप निम्मं होऊन पडलेलं, दुसऱ्या बाजूला ही टोपली. तो दोन्हींच्या मध्ये बसला. बायको चुलीशी होती. ती टोमणा मारेल म्हणून त्यानं वाट पाहिली. तिनं मारला नाही, ते जास्त झोंबलं.

"मोठं आधी करतो," तो शेवटी म्हणाला. "कोठार मिळालं, की मग सवडीनं ही सगळी नीट करून देईन. चालेल ना?"

"पंचांना चालेल," बायको म्हणाली.

"आणि?"

"आणि काय? आज त्या पोरीची पेटी उघडीच आहे ना."

नागोजीनं मोठं कुलूप उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. मग पितळेचा पत्रा पुढ्यात ओढला आणि कानस हातात घेतली. धाकट्या सुनेचं बोटभर कुलूप करायला त्याला चार नाही, सहा दिवस लागले. एवढ्याशा पोटात पाच खिट्या बसवणं म्हणजे मुंगीला पैंजण घालणं. ते तिला नेऊन दिलं आणि त्यानं टोपलीतलं एक उचललं.

होळी आली आणि गेली. कोठाराला परगावच्याचं कुलूप लागलं. आता तुम्हाला वाटेल, ते पहिल्याच महिन्यात तुटलं असेल, चोर शिरले असतील, आणि पंच नागोजीच्या पाया पडत आले असतील. तसं काही झालं नाही. कुलूप चांगलं निघालं. नागोजीनं एकदा जाता-जाता हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "काम चोख आहे." घरी येऊन मात्र तो त्या दिवशी जेवला नाही.

अडीचशे कुलपं पुरी व्हायला त्याला सव्वाचार वर्षं लागली. त्यातलं एकही विकतचं नव्हतं. पोटासाठी त्यानं विळे-कोयत्यांना धार लावली. कुलूप तयार झालं, की तो स्वतः त्या घरी घेऊन जायचा आणि दारातच म्हणायचा, "शेजारणींना बोलवा. आपापल्या किल्ल्या घेऊन या म्हणावं." मग पाच-सहा बायका जमायच्या, आपापली किल्ली घालून बघायच्या, जोर लावायच्या, चिडवायच्या. "नागोजीभावजी, उघडलं की हो!" असं कुणी खोटंच ओरडलं, की तो घाईनं कुलूप ओढून बघायचा आणि बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. कुलूप मात्र उघडायचं नाही.

तेलीणबाईंचं कुलूप सर्वांत शेवटी झालं. त्यांनी गावातल्या दोनशे एकोणपन्नास किल्ल्या गोळा करून आणल्या आणि दिवसभर बसून एकेक लावून बघितली. सूर्य कलला तेव्हा त्यांनी कुलूप खाली ठेवलं, दुखरा हात चोळला आणि म्हणाल्या, "बरं आहे." त्या बाईंच्या तोंडून 'बरं' हा शब्द त्याआधी कुणी ऐकला नव्हता. ती बातमी अकरा गावांत गेली, आणि पुढच्या बाजाराला नागोजीच्या दारात पहिलं विकतचं गिऱ्हाईक उभं राहिलं. हातात शेजाऱ्याची किल्ली घेऊन.

त्या मुलुखात आजही म्हणे कुलूप घ्यायला कुणी मोकळ्या हातानं जात नाही. शेजारची किल्ली मागून घेऊन जातात. आणि दुकानदारही रागावत नाही. आधी किल्ली लावू देतो, मग नाव सांगतो.

तात्पर्य एवढंच: वस्तू फुकट देता येते, तिच्यावरचं आपलं नाव फुकट देता येत नाही.