माग विकून मिळवलेला शेला

फार पूर्वी एका गावात एक विणकर होता. त्याचा माग घरातच, जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला होता. खड्ड्यात पाय सोडून तो विणायला बसला, की शेजारी म्हणत, "चला, उजाडलं."

त्याला एकुलती एक मुलगी. तिला जरीची किनार विणायला शिकायचं होतं. गावाबाहेर एक म्हातारी विणकरीण राही. सुताचा गुंता सोडवून दिला, की ती फुकट शिकवी. दुसरी वाट होती राजधानीतल्या नामांकित विणकामशाळेची. तिथे शिकलेल्याला राजाच्या हातून लाल शेला मिळे. पण तिथला खर्च ऐकूनच घाम फुटावा!

"किनार तर म्हातारीही तीच शिकवते," विणकराची बायको म्हणाली.

"पण शेला देते का?" विणकर म्हणाला. "पोरगी शेला घेऊन वेशीतून आत येईल, तेव्हा सारा गाव उठून उभा राहील."

"आई, मला शेला हवाय गं," मुलगी म्हणाली. तिचं वय तरी काय! समजायला हवं होतं ते बापाला.

मुलगी राजधानीला गेली आणि तिच्या पाठीमागे विणकराने माग कापडाच्या व्यापाऱ्याला विकला.

"अहो, हा घर जाळून कोळशाचा व्यापार झाला," बायको रडत म्हणाली.

"ती शिकून आली की असे दहा माग येतील. तिला कळवू नकोस."

काही वर्षांनी मुलगी परतली. गाव खरोखरच उठून उभा राहिला. गूळ वाटला गेला. मग जो तो आपापल्या कामाला लागला.

मुलगी हौसेने घरात शिरली. "बाबा, किनार विणून दाखवते. माग कुठाय?"

विणकराने रिकाम्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून ती व्यापाऱ्याकडे मजुरीला जाऊ लागली. तिच्या वाट्याला बापाचाच माग आला. लहानपणी तिने दातांनी कुरतडलेली त्याची कड अजून तशीच होती. तिची किनार सुरेख उतरे, पण विके व्यापाऱ्याच्या नावावर. शेला घरी खुंटीवर धूळ खात राहिला.

विणकर मात्र अजूनही पहाटे उठून रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसे. सवयीने पाय वरखाली होत. बायको ते बघे आणि चुलीकडे तोंड फिरवी.

तात्पर्य: शाळेचं नाव वेशीपासून घरापर्यंतच मिरवतं; ज्याच्यावर विद्या चालायची, तेच विकून ते नाव घेऊ नये.