चिडीचूप वर्ग

डी.एड.च्या वैजयंतीचा पहिलाच सराव पाठ. नापास झालीस तर घरी बस, असं वडिलांनी बजावलेलं. मागच्या बाकावर निरीक्षक घारपुरे सर शेऱ्यांचा कागद घेऊन बसले होते. पाठ संपताच ते सगळ्यांदेखत कडाडले, "हा वर्ग आहे की आठवडी बाजार? अहो बाई, पाठ चालू असताना वर्ग कसा चिडीचूप हवा! नापास!"

वैजयंती अदबीनं म्हणाली, "सर, पहिली दहा मिनिटं वर्ग अगदी तसाच होता. तेवढ्यात तुमचा डोळा लागला. मुलांचाही लागेल या धास्तीनं मी त्यांना प्रश्न विचारायला लागले."

मुलं खुदकन हसली. सरांनी सावकाश चष्मा पुसला, 'नापास' खोडलं आणि लिहिलं, 'मुलं शेवटपर्यंत जागी होती. पास.'