ऋतुजाचा स्पीड

“आणि तिच्यासमोर बसलेली?” तांबोळी सरांनी विचारलं.

“कुठली बसलेली?”

“चेंडू झेलतेय ती. कांचन.”

खरं सांगू? तिच्याकडे मी बघितलंच नव्हतं. मी बघत होतो ऋतुजाकडे. संगमनेरच्या या धुळकट मैदानावर पंधरा वर्षांची पोरगी बेसबॉल फेकते काय, आणि माझ्या हातातलं स्पीडचं मशीन ताशी पंच्याण्णव किलोमीटर दाखवतं काय... पंच्याण्णव! पुण्यात आमच्या अकॅडमीत या वयाची एकही मुलगी ऐंशीच्या वर जात नाही, शप्पथ.

अकॅडमीत जागा एकच होती. नाव आजच कळवायचं होतं. मोबाईलवर मी ‘ऋतुजा’ टाइप करून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी.

“कांचन बरी आहे हो सर. पण ती काय, नुसती बसते. येईल ते झेलते. तिचा आकडा कसा काढणार? वर जाणारी पोरगी ही ऋतुजा. लिहून देतो तुम्हाला!”

“कांचनचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वेळी ती वयात बसत नाही.”

“वाईट वाटतं सर. पण वाईट वाटून टीम होत नाही ना.”



या तालुक्यातल्या पोरींच्या हातात पहिल्यांदा बेसबॉलची बॅट सरांनीच दिली, असं मला सांगून पाठवलं होतं. मला वाटलं, आता मोठं भाषण होणार.

पण सर म्हणाले, “कांचन, इकडे ये गं. पुणेकरांना तुझा ग्लोव्ह दे. मास्कपण दे.”

“मला? कशाला?”

“का, भीती वाटते?”

“छे! कॉलेजच्या टीममध्ये होतो मी!”

“मग तर झालंच.”

माझं मशीन त्यांनी काढून घेतलं. उलटं धरलं होतं. मी सरळ करून दिलं, आणि कांचनच्या जागेवर जाऊन उकिडवा बसलो. गुडघे कटाकट वाजले. कडेला बसलेल्या पोरी खिदळल्या.

ऋतुजानं चेंडू टाकला. अगदी अलगद, घरातल्या लहान पोराला टाकावा तसा.

“अठ्ठावन्न,” सर म्हणाले.

“काय? ए ऋतुजा, जोरात टाक ना!”

“टाकते दादा.”

“बासष्ट.”

“अगं, झोप लागली का तुला? तुझीच निवड चाललीय इथे!”

पुढचा चेंडू तर जमिनीवर आपटून घरंगळत आला. ऋतुजा रडवेली झाली.

“दादा, खरंच जोर लावतेय... हात सुटतच नाहीये.”

नाटक करत नव्हती हो ती. चेहरा कळतो ना माणसाचा!

“सर, हिचा खांदा गेला का? आत्ता तर ठीक होती!”

सरांनी नकारार्थी मान हलवली. कांचनला नुसती बोटानं खूण केली.

कांचननं कुणाचा तरी ग्लोव्ह उचलला आणि येऊन माझ्या मागे उभी राहिली. बाकी काही नाही. नुसती उभी राहिली.

ऋतुजानं माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघितलं. नाक पुसलं. पाय उचलला...

चेंडू मला दिसलाच नाही! म्हणजे खरंच नाही. सूं करून काहीतरी आलं, आणि मी, कॉलेजच्या टीमवाला मी, सरळ कडेला. धुळीत. तोंडावर.

थप्प!

“सत्त्याण्णव,” सर म्हणाले.

या वेळी एकही पोरगी हसली नाही. माझ्या तोंडात माती, मास्क एका कानाला लटकलेला, आणि डोक्यात नुसती गरगर... पोरगी तीच. हात तोच. मिनिटभरापूर्वी जेमतेम बासष्ट!

“सर, हे... हे कसं काय? मग मी सकाळपासून काय मोजत होतो?”

सर मशीन घेऊन माझ्याजवळ आले.

“सांगा ना सर! नाव कुणाचं पाठवू?”

सरांनी मला उठवायला हात पुढे केला.

“ऊठ. मागे वळून बघ, चेंडू कुणाच्या हातात आहे.”