डेडलाइन अंगणात आली

शब्दांच्या राज्यात कोणतेही काम वेळेवर संपत नसे, आणि त्याचे कुणाला फारसे वाईटही वाटत नसे. कामांची वेळ मुदतमावशी सांभाळत. त्या अंगणात पाट मांडून बसत. एखाद्याचे काम राहिले, तर तो येऊन कारण सांगे; मग मावशी उठत, पाट एक पाऊल पुढे सरकवत आणि पुन्हा बसत.

त्या वर्षी थंडी लवकर येणार होती. सर्वांना पुरेल अशी गोधडी शिवण्याचे काम निगुतीकडे होते. उलट्या बाजूनेही सुरेख दिसावा, असा ती एकेक टाका घाली. पाट तीनदा सरकला.

"निगुतीताई, गोधडी आम्ही पांघरायची, की आमच्या नातवंडांनी?" तिची शेजारीण घाई म्हणाली. सगळे हसले. निगुतीही हसली.

मग घाईने परमुलखातून डेडलाइनला आणले. ती बारीक, काळी, सरळ रेष होती. नव्या शब्दाने आपले मूळ सांगितल्यावरच त्याला पाणी द्यायचे, अशी तिथली रीत होती.

"माझा जन्म तुरुंगाच्या आवारातला," डेडलाइन म्हणाली. "मला ओलांडणाऱ्या कैद्याला तिथे गोळी घालत."

"अगबाई! आणि तू बघत राहायचीस?" मावशींनी विचारले.

"मी नुसती आखलेली असते. गोळी घालणारे वेगळे."

"इथे तसले कोणी नाही," म्हणत घाईने तांब्या पुढे केला.

डेडलाइन अंगणात आडवी झाली. सूर्य मावळण्याआधी काम रेषेच्या आत यायला हवे, नंतर येणाऱ्याला आत जागा नाही, असे ठरले. मावशींचा पाट भिंतीला उभा करून ठेवला. कामे भराभर होऊ लागली. मात्र रेषेजवळ कोणी मोठ्याने बोलेनासे झाले. लहानसहान शब्द तर लांबून वळसा घालून जात.

गोधडीचा दिवस आला. सूर्य मावळला. वाऱ्याला धार चढली. सगळे दात वाजवत अंगणात उभे होते, तेवढ्यात निगुती धावत आली. खांद्यावर गोधडी होती आणि बोटावर सुईचे रक्त.

"मावशी, झाली हो! शेवटचा कोपरा तेवढा उसवला, म्हणून..."

मावशींनी तोंड उघडले, डेडलाइनकडे पाहिले आणि मिटले. डेडलाइन हललीसुद्धा नाही.

"किती गारठलात सगळे! घ्या," निगुती म्हणाली आणि तिने रेष ओलांडायला पाऊल उचलले.

आधी घाई खाली वाकली. मग एकेक करून सगळे वाकले. ते पुन्हा ताठ उभे राहिले, तेव्हा प्रत्येकाच्या मुठीत दगड होता. मुदतमावशींच्याही.