उपाशीपोटी झोपाळा

राणीसाहेबांच्या पोटात शिरा काही केल्या राहीना!

कुसुमगडच्या राजघराण्यात रीतच होती तशी. राणीला दिवस गेले की राजाने पहाटे उठून, स्वतःच्या हाताने, तिला तुपातल्या शिऱ्याचा पहिला घास भरवायचा. गंभीरराव महाराज रीतीला भलतेच पक्के. अंगाला केवड्याचं अत्तर चोपडायचे, शिऱ्याची वाटी घ्यायचे आणि राणीसाहेबांच्या उशाशी जाऊन उभे राहायचे. राणीसाहेब बिचाऱ्या घास घेत. लगेच दासी तस्त पुढे करी.

"महाराज, उठायच्या आधी थोड्या लाह्या द्याव्यात," वैद्यबुवांनी भीत भीत सुचवलं. "मग आल्याचा तुकडा, लिंबाचं सरबत. थोडं थोडं, पण वरचेवर."

"युवराज काय लाह्यांवर वाढवायचा?" महाराज कडाडले. "आम्हाला सल्ला नको! खोट शिऱ्यात आहे. शिरा कोण करतो?"

शिरा नरहरभट आचारी करत. त्यांच्या शिऱ्याला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांना पुढे उभं केलं.

"भटजी, परवा सकाळी शिरा राणीसाहेबांच्या पोटात राहिला पाहिजे! शिरा हाच, हात आमचाच, वेळही हीच. यात काडीचा बदल चालणार नाही. नाही राहिला, तर तुम्ही बिऱ्हाडासकट सीमेपार!"

नरहरभट घरी आले आणि पातेली बांधायला बसले. या वयात परमुलखात कोण दारात उभं करणार, म्हणून चक्क रडले.

त्यांची सून येसू हे बघत होती. ती म्हणाली, "मामंजी, पातेली राहू द्या. उद्या मी राजवाड्यात जाऊन येते."

"अगं, तू काय करणार तिथे?"

"बोलेन जरा महाराजांशी."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, उपाय सापडलाय. पण तो आधी महाराजांवर करून बघावा लागेल. फार धीराचं काम आहे."

"आमच्या धीराची शंका घेतेस?"

"छे छे! म्हणून तर तुमच्याकडे आले. उद्या पहाटे उपाशीपोटी मोठ्या झोपाळ्यावर बसायचं. बाकी काही नाही."

पहाटे महाराज झोपाळ्यावर बसले. दोन हुजरे झोके देऊ लागले. महाराज आधी हसले, मग त्यांनी दोन्ही हातांनी कडी धरली.

"अजून जोरात," येसू हुजऱ्यांना म्हणाली.

झोपाळा थांबला तेव्हा महाराजांचा चेहरा पिवळा पडला होता. तेवढ्यात नरहरभट पुढे आले, अंगभर केवड्याचं अत्तर लावून, हातात तुपाने थबथबलेला शिरा घेऊन.

"घास घ्या, महाराज," येसू म्हणाली.

"दूर! दूर ने ते!"

"शिरा तोच आहे, महाराज."

"तो वास! कोणी फासलं हे अत्तर?"

"तुमच्याच कुपीतलं आहे."

"अगं बाई, पोटात ढवळतंय! लाह्या आण थोड्या! आलं आण, लिंबू आण! ती खिडकी उघडा! आणि मला जरा पडू द्या रे!"

"हा हुकूम समजायचा का, महाराज?"

"हुकूम! हुकूम!"

सगळं आलं. महाराजांनी लाह्या चघळल्या, मीठ लावलेलं आलं चोखलं, डोळे मिटून पडून राहिले. हळूहळू तोंडावर रंग आला.

"मग मामंजींना आजच सीमेपार धाडायचं ना?" येसूने विचारलं. "शिरा तर महाराजांच्या ओठांपर्यंतसुद्धा गेला नाही."

"शिऱ्याचा काय दोष? झोपाळ्याने गरगरलं आम्हाला!"

"राणीसाहेबही झोपाळ्यावरच आहेत, महाराज. झोका आतून मिळतोय, एवढंच. देणारे साक्षात युवराज! त्यांना थांबा म्हणायची कोणाची छाती आहे?"

महाराज उठून बसले. "मग करायचं तरी काय?"

"मी काय सांगणार? महाराजांना सल्ला चालत नाही. आत्ता महाराजांनी स्वतःच जो हुकूम सोडला, तोच राणीसाहेबांच्या महालात पाठवते!"

महाराज असे हसले, असे हसले की हुजऱ्यांना पुन्हा झोपाळा धरावा लागला.

त्या सकाळी महाराज अत्तर न लावता गेले आणि राणीसाहेबांना लाह्यांचा घास भरवला. राणीसाहेबांनी आणखी मागितल्या. दासी तस्त घेऊन उभीच राहिली.

"येसू, माग काय हवं ते!" महाराज म्हणाले.

येसूने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. "महाराज, मलाही तिसरा महिना लागलाय. घरी अजून बोलले नाही. मामंजींना तेवढा एक हुकूम द्या, की कौतुकाने शिरा करायचा नाही."

महाराज पुन्हा खो खो हसले, आणि त्यांनी तो हुकूम सोन्याच्या पाटल्यांसह दिला.