भिवरेचे तास

धोंडमाळच्या शिवारात पावसाळ्यात गेलात, तर ज्वारीच्या दर सात तासांनंतर आठवे तास बिघडलेले दिसते. तास म्हणजे पेरणीची ओळ. या आठव्या ओळीत तूर, अंबाडी, भेंडी, तांदुळजा, वाळूक असा गोतावळा दाटीवाटीने उभा असतो आणि दोडक्याचा वेल शेजारच्या ज्वारीच्या गळ्यात पडलेला असतो. याला भिवरेचे तास म्हणतात. शेतीच्या कॉलेजातली मंडळी येतात, दोन झाडांतले अंतर मोजू लागतात आणि थोड्या वेळाने टेप गुंडाळून ठेवतात. मग तुळाजीतात्या त्यांना बांधावर बसवून हकिकत सांगतात. तात्यांपेक्षा वयाने मोठे गावात कोणी उरलेले नाही, त्यामुळे ते सांगतील ते खरे धरावे लागते.

फार पूर्वी धोंडमाळचे रान निर्मळ म्हणून दहा गावांत गाजले होते म्हणे. ज्वारीत दुसरे पान दिसता कामा नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी पंच शिवारभर फिरत आणि ज्याचे रान सर्वांत निर्मळ, त्याचे बैल तोरणाखालून पहिले निघत. कीर्ती पुरुषांची असे आणि खुरपे बायकांच्या हातात. पाथरी, चिघळ, तांदुळजा, जे उगवेल ते उपटून बांधावर टाकायचे. माणसे भाकरीबरोबर मीठ-मिरची खात आणि पाला बकऱ्या खात. त्या काळी गावातल्या बकऱ्या फार देखण्या होत्या, असे सांगतात.

येसाजीचे बैल सलग सहा वर्षे पहिले निघाले होते. त्याची बायको भिवरा, मुलगी ठकू. दिवसा सुईत दोरा ओवणारी ही पोर एका उन्हाळ्यात दिवेलागणीला अडखळू लागली, आईचा पदर चाचपडत शोधू लागली. गावच्या सुईणीने तिचे डोळे पाहिले आणि बजावले, पोरीला रोज हिरवा पाला खाऊ घाल, नाहीतर पुढे दिवसाही दिसायचे नाही. भिवरेने गाव पालथे घातले. मूठभर पाला मिळाला, तोही बकरीच्या तोंडातला.

तिने नवऱ्याकडे रानातले थोडे तास मागितले. येसाजी वाईट माणूस नव्हता, फक्त सहा वर्षे पहिला आला होता.

"पंच काय म्हणतील? यंदा सातवं वरीस हाय," तो म्हणाला.

"बैलांला मान मिळतो. पोरीला काय मिळतं, ते सांगा."

त्यावर येसाजी बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

भिवरेने गावदेवीला शब्द दिला, ठकूला सांजेला दिसू लागेपर्यंत या रानाची भाकरी तोंडात घालणार नाही. तिने वरईवर दिवस काढले. येसाजीला वाटले, बायको देवाधर्माला लागली, बरे झाले. गावातल्या बायकांनी मात्र उतरंडीतल्या गाडग्यांतून माहेरचे जपलेले बी चिमूट चिमूट आणून तिच्या ओटीत टाकले. मृगाची पेरणी आली. पाभर म्हणजे पेरणीचे औत. ती हाकणाऱ्याची नजर बैलांवर असते. मागे वळला की तास वाकडे होते. मागून चालणाऱ्या भिवरेने दर दुसऱ्या फेऱ्याला चाड्याच्या, म्हणजे बी ओतायच्या वाटीच्या, चार भोकांपैकी एक ज्वारीला बंद केले आणि त्यातून ओटीतले बी सोडले.

खुरपायला तीच जाई, त्यामुळे येसाजी आत शिरला नाही. महिन्याभराने ताटात तांदुळजा येऊ लागला. त्याला तो आवडला. कुठून आला, हे त्याने विचारले नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तो शेवटची नजर टाकायला गेला आणि डोक्याएवढ्या ज्वारीत ते तास त्याला दिसले. खुरपे घेऊन तो उपटायलाच लागला. दिवस मावळला तरी थांबेना. तेवढ्यात ठकू त्याला जेवायला बोलवायला आली, एकटीच, बांधावरून चालत.

"बाबा, पाय उचला," ती म्हणाली. "खाली वाळकाचा वेल हाय."

येसाजीला स्वतःला तो वेल दिसला नव्हता. तो एक पाय उचलून बराच वेळ तसाच उभा राहिला, असे तात्या सांगतात. किती वेळ, ते पाहुण्यांनी आपल्या मनाने कमी करून घ्यावे.

पंच आले तेव्हा त्याने सांगून टाकले, "हे भिवरेचं तास हाय. बैल कुणाचे बी पुढं काढा." त्याचे बैल सर्वांत शेवटी निघाले. भिवरेने त्या दिवशी भाकरी खाल्ली. पुढच्या वर्षी अकरा घरांची राने बिघडली, आणि चार वर्षांत गावात निर्मळ रान उरलेच नाही. पंचांना काम राहिले नाही. बकऱ्याही अंगाने उतरल्या.

इथून तात्या स्वतःच्या आठवणींवर येतात. त्यांच्या लहानपणी शाळा सुटली की पोरे या तासात शिरत. ज्वारीची पाने गालाला कापत, आणि वाळूक तिथेच गुडघ्यावर फोडून खायचे. आई ओचा भरून पाला आणी. पाच-सहा जातींचा एकाच तव्यावर पडे. त्या भाजीला नाव नव्हते. आता बाजारातून येते तिला नाव असते, पिशवी असते. चव घरी गेल्यावर शोधावी लागते.

आजही धोंडमाळला पेरणीच्या दिवशी मागे बाई असते. पाभर गेली, ट्रॅक्टर आला. आता ती ट्रॅक्टरमागच्या पेरणी यंत्राच्या फळीवर ओटी भरून बसते, आणि पहिला फेरा सुरू होण्याआधी चालवणारा गडी बाजूचा आरसा फडक्याने बांधून टाकतो. ओटीत काय आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, मग आरसा कशाला झाकता, असे कॉलेजातल्या एका पाहुण्याने यंदा विचारले.

"बघितलं की नको म्हणावंसं वाटतं," तात्या म्हणाले.